सव्वीस रविवार

शिफारसपत्र विद्यार्थ्यानेच लिहून आणायचं आणि खाली सरांनी सही ठोकायची, ही खैरनार सरांच्या विभागातली जुनी रीत. तेजलचं इंग्रजी बरं, म्हणून गेल्या वर्षी सनीचंही पत्र तिनेच लिहिलं. प्रकल्प दोघांचा होता, पण सनीबद्दल लिहिण्यासारखं होतं काय? पठ्ठ्या अर्धा वेळ द्वारका चौकातल्या चहाच्या टपरीवर. मग या शहाणीने आपल्या ताटातला घास त्याला वाढला. सव्वीस रविवार सकाळी सहाला गोदावरीचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला आणलं होतं तिने, एकदा तर अंगात ताप असताना, आईला सोबत घेऊन. ते सगळं तिने सनीच्या नावावर लिहिलं. सनी जर्मनीला पोचला.

एकलहऱ्याला वीजकेंद्रात कामाला असलेले तेजलचे वडील तिला परदेशी पाठवायला यंदा कुठे हो म्हणाले. अर्जाची मुदत आज संपत होती.

नेमकं आज सरांनी तिचं स्वतःचं पत्र नीट वाचलं. त्यातही तेच सव्वीस रविवार होते.

"हे रविवार सनीचे ना गं?" सर म्हणाले. "त्याच्या पत्रात होते, मीच सही केलीय त्यावर. दुसऱ्याची मेहनत स्वतःच्या नावावर खपवतेस? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

खरं सांगावं तर सनीचा प्रवेश जाणार. होम करताना हात भाजले, आणि ओरडायचीही सोय नाही.

"सॉरी, सर."

"साधं लिहून आण. सगळ्यांना सनीसारखं जमत नाही."

जिन्यात जाऊन तिने सनीला फोन लावला. त्याने सरांना एक शब्द सांगावा, एवढंच मागितलं.

"वेडी आहेस का? माझं इथलं सगळं जाईल," सनी म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, "अगं, तुला लिहिता येतं की. बनव दुसरं काहीतरी."

तिला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. बनवणं तिला कधी जमलंच नव्हतं. सनीच्या पत्रातही नावाखेरीज एक अक्षर तिने खोटं लिहिलं नव्हतं.

तासाभराने ती नवा कागद घेऊन आली. तेजल नियमित हजर असते. तिची वर्तणूक चांगली आहे. एवढ्यावर तिकडे कुणी दारात उभं करत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सरांनी दोन्ही वाक्यं वाचली आणि सही केली.

"आता कसं," ते म्हणाले, "खरं वाटतं."