खालच्या पट्टीची मडम

अयूब जयगडच्या धक्क्यावर उतरला तेव्हा त्याच्या डोक्यावर पेटी होती आणि काखेत पेटीपेक्षा मोठा पितळी कर्णा. बारा बंदरांचं पाणी प्यालेला हा माणूस, आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा. भाचीच्या लग्नाला भांडी आणील, कापड आणील म्हणून सगळे वाट बघत होते, तर आणला काय, तबकड्या वाजवणारा फोनो! त्याची बहीण सईदा दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली. "अरे मेल्या, ह्यात भात शिजतो काय?" तिनं विचारलं, आणि विचारताना नेहमीसारखा पदर तोंडावर धरला.

तो पदर लाजेचा नव्हता, आवाजाचा होता. सईदाचा आवाज खालचा, चांगलाच खालचा. लग्न होऊन ती ह्या घरात आली त्याच वर्षी नणंदेच्या हळदीला तिनं मोठ्या हौसेनं गाणं म्हटलं, आणि थोरली जाऊ रहिमाभाबी भर मांडवात म्हणाली, "अगो, बायकांच्यात हा बाप्या कुठनं शिरला?" हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. भाबीचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसऱ्या दिवशी ती विसरलीसुद्धा. सईदा विसरली नाही. त्यानंतर ती गायली ती फक्त पाळण्यापाशी, घरात दुसरं कुणी नसताना. ते गाणं ऐकलं एकट्या हलिमानं, तिच्या लेकीनं.

आता त्याच हलिमाचं लग्न होतं. त्यांच्या घरातली रीत अशी, की मुलीच्या हळदीचं पहिलं गाणं आईनं उचलायचं आणि मग बाकीच्यांनी धरायचं. आई नसेल तर चुलतीनं. सईदानं स्वतः धडधाकट असताना ते गाणं रहिमाभाबीला देऊन टाकलं होतं. हलिमा तेव्हापासून धड जेवत नव्हती. "आई मेलेल्या पोरीची हळद चुलती गाते," ती म्हणाली. "तू मेलीस काय गो?" सईदा मागच्या पडवीत जाऊन तांदूळ पाखडत बसली आणि कितीतरी वेळ तेच तांदूळ पाखडत राहिली.

दुपारी माजघर बायकांनी भरलं. अयूबनं कर्णा जोडला, चावी दिली, कव्वाल्या झाल्या. सगळ्या खूश. मग त्यानं पेटीच्या तळातनं एक जुनी तबकडी काढली. लंडनच्या दुकानदारानं फुकट वर घातलेली होती, त्यानं स्वतःही ती कधी लावली नव्हती. पाकिटावर एका मडमेचं चित्र होतं, धिप्पाड बाई, मान ताठ, हात कमरेवर. "बघू या ही काय म्हणते," म्हणून त्यानं सुई टेकवली.

आधी खरखर, मग वाजंत्री, आणि मग कर्ण्यातनं असा आवाज आला की बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. खोल, भरलेला, जमिनीखालून यावा तसा.

"अगो बाई, फोनो मेला!" रहिमाभाबी ओरडली. "कसा रडतोय बघा!"

"चावी उतरली असेल," अयूब म्हणाला आणि त्यानं गरागरा चावी दिली. आवाज जिथल्या तिथं. "मग खाऱ्या हवेनं स्प्रिंग ढिली पडली." तबकडी जलद फिरवायची एक बारीक खुंटी बाजूला होती, ती त्यानं पिळली. तबकडी भराभरा फिरायला लागली, आवाज वर वर चढला, बारीक झाला, चारचौघींसारखा झाला. भाबीनं समाधानानं मान हलवली. "हां, आत्ता कशी बाई वाटते!"

एवढ्यात त्याच तबकडीवर एक पुरुष गायला लागला, आणि काय सांगावं, बकरीचं करडू ओरडावं तसा! बायका पोट धरून हसल्या. अयूब ओशाळला. "तबकडीच खोटी दिसते," म्हणत त्यानं सुई उचलली.

पडवीच्या दारात सईदा सूप हातात धरून उभी होती. ती हसली नव्हती. पहिल्या दोन ओळी तिनं ऐकल्या होत्या, खुंटी पिळायच्या आधीच्या. सूप तिथंच टाकून ती भावापाशी आली.

"खुंटी होती तिथं आण," ती म्हणाली.

"अगो पण आवाज..."

"आण म्हणते ना! तुम्ही बाईला तुमच्यासारखी करायला गेलात तर बाप्याचा बकरा झाला. बाप्या खरा असेल तेव्हा बाई कशी असेल ती ऐकू दे मला."

हे सगळं ती पदर न धरता बोलली. तिच्याही ध्यानात आलं नाही.

तबकडी पुन्हा पहिल्यापासून लागली. पुरुष आला तो पुरुषासारखा आला, धड, भारदस्त. आणि त्याच्या शेजारी ती बाई! फोनो मेला नव्हता, स्प्रिंग ढिली नव्हती. अल्लानं तिला आवाजच तसा दिला होता. ती कुणासाठी रडत होती की कुणाला शाप देत होती, एक शब्द कुणाला कळेल तर शपथ. पण ती खाली उतरायला लागली की माजघरातला श्वास तिच्याबरोबर खाली जायचा. आता ह्याच्याखाली काही नाही असं वाटावं, तर ही बया आणखी एक पायरी उतरे, आणि तिथं आवाज पातळ व्हायच्याऐवजी भरतीच्या खाडीसारखा पसरे. ज्या जागी सईदा आयुष्यभर तोंड दाबत आली होती, नेमकी त्याच जागी ही बाई पाय रोवून उभी होती. सईदाच्या अंगावर काटा आला. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"तिकडे नुसत्या गाण्याची नाटकं होतात," अयूब हळूच म्हणाला. "लोक थंडीत कुडकुडत बाहेर रांग लावतात, मी बघितलंय. ते असल्यांसाठीच असेल."

तबकडी संपली. मग रहिमाभाबी घसा खाकरून म्हणाली, "परत लाव रे."

हळदीच्या दिवशी मांडवात ढोलकीवर थाप पडली. हलिमा खाली मान घालून बसली होती. भाबीनं पदर सावरला, तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनं सईदाकडे बघितलं. आता सगळाच मांडव सईदाकडे बघत होता. पळून जावं, मागच्या दारानं सरळ खाडीवर जावं, असं सईदाला वाटलं. मग हलिमानं मान वर केली.

सईदानं गाणं उचललं. पहिला शब्द थरथरला. दुसरा जागेवर बसला. मग तिनं आवाज सोडला, खाली, जिथं त्याचं घर होतं तिथं. बायकांच्या हातांतल्या हळदीच्या वाट्या तशाच राहिल्या. दुसरी ओळ धरली ती रहिमाभाबीनं. तिला तो सूर झेपेना, तिचा आवाज फाटला, पण तिनं ओळ सोडली नाही. हलिमा तोंडभर हळद माखून रडत होती आणि हसत होती.

बाहेर पुरुषांच्या बैठकीत मालगुंडहून आलेला एक पाहुणा म्हणाला, "आवाज खाली गेला की हो. चावी द्या कुणीतरी फोनोला."

अयूब ताडकन उठला आणि दार अडवून उभा राहिला.

"फोनो पेटीत बंद आहे," तो म्हणाला. "ती माझी बहीण आहे. खुंटीला हात लावायचा नाय कुणी!"