मेलेल्या सवतीचं अक्षर

आमच्या चुलीवर ओकची जाडजूड तुळई आहे आणि त्या तुळईत माझी सवत राहते. ती मेली त्याला बरीच वर्षं झाली, पण घर काही तिने सोडलेलं नाही. तुळईवर तीन अक्षरं कोरलेली आहेत. वर बोडनॅम घराण्याचा बी, खाली माझ्या नवऱ्याचा, रेफचा आर, आणि त्याला खेटून मिलिसेंटचा एम. नवं घर उभं राहिलं की नवरा-बायकोची अक्षरं अशी कोरून घ्यायची आमच्या भागातली रीत. मी मागाहून आले. माझं नाव मार्जरी.

म्हणजे अक्षर तेच! माझी नणंद डॉर्कस याच गोष्टीवर अजून हसते. परवाही चुलीपाशी पाय शेकत म्हणाली, "वहिनी, दादाने काय बेतशीर बायको शोधली बघा. सुताराला पुन्हा बोलवायचीसुद्धा गरज पडली नाही!"

मी दात दाखवण्यापुरती हसले.

"आणि लाकूड बघा कसलं," ती पुढे म्हणाली. "मिली वहिनी स्वतः रानात जायची झाडं निवडायला. हलायचं नाही हो हे घर."

हलत नाही, तेच तर दुखणं आहे. खांब, तुळया, कोपऱ्यातले तिरके टेके, सगळं तिच्या नजरेखालून गेलेलं. माझ्या वाट्याला आला खांबांमधला कूड. दर उन्हाळ्यात मी माती, शेण आणि गवत पायांनी तुडवते, कामट्यांवर थापते, वरून चुना फासते. हिवाळ्यात पाऊस लागला की ते फुगतं आणि गळून पडतं. ओक मात्र वर्षागणिक टणक होतो, आता तर त्यात खिळासुद्धा शिरत नाही. माती माझी आणि लाकूड तिचं, अशी ही वाटणी.

डॉर्कस गेली तशी मी मेणबत्ती घेऊन स्टुलावर चढले. घराला आग लागू नये म्हणून आमच्याकडे तुळईला ज्योत टेकवून थेंबाएवढा काळा डाग पाडतात. कुणी विचारलंच तर तेवढं सांगायला पुरे होतं. मी एमच्या पहिल्या पायापासून सुरुवात केली. लाकूड चरचरलं आणि मला फार बरं वाटलं.

शेवटच्या पायाशी आले तेवढ्यात रेफ सफरचंदांची टोपली घेऊन आत आले.

"अगं, काय चाललंय?"

"आगीचा डाग पाडतेय. घर राखायला नको?"

"एवढा मोठा?"

"मोठी आग आली म्हणजे?"

त्यांनी मला खाली उतरवलं, स्वतः वर चढले आणि चाकूने काजळी खरवडली. मेलं वरवरच जळलं होतं. आतलं लाकूड ठणठणीत. मग जुन्याच खाचांतून ते अक्षर पुन्हा कोरू लागले, अगदी हलक्या हाताने.

"कुणाचं कोरताय?" मी विचारलं.

"तुझंच की. दुसऱ्या कुणाचं कोरणार?"

खोटं कशाला सांगू, मी सुखावले. या घरातलं एवढंसं लाकूड आपलं झालं, असं वाटलं. मी टोपलीतली सफरचंदं निवडायला बसले, गुणगुणलेसुद्धा.

कोरून झाल्यावर त्यांनी चुरा फुंकला आणि अक्षरावर तळवा ठेवला. ठेवला तो ठेवलाच. तसा हात त्यांनी माझ्या खांद्यावर कधी ठेवला नव्हता.

"अहो, ते माझं आहे ना?"

"हो म्हटलं ना."

"मग मला नकोय ते. तासून टाका."

हात तिथून हलला नाही.

"तासलं तर तुळई कमजोर होईल गं."

"माझ्या कमरेएवढी जाड तुळई," मी म्हटलं, "एक अक्षर तासलं म्हणून कमजोर होते?"

"होते," रेफ म्हणाले.