नालीतून आलेला पाइप

रंजीताच्या दोन वर्षांच्या मुलीला महिन्यात दुसऱ्यांदा ताप आणि जुलाब सुरू झाले होते. बोथ गावातल्या त्यांच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी येई. धार बारीक, म्हणून प्रत्येक घराने नळाला मोटर जोडली होती. आज रंजीताने आधी मोटरशिवाय बादली लावली. पाणी स्वच्छ आले. मोटर सुरू करताच ते गढूळ झाले आणि त्याला नालीचा वास येऊ लागला. पाइप दारासमोरच्या सांडपाण्याच्या नालीतूनच आला होता. तो कुठेतरी फुटला असणार आणि मोटर त्या फटीतून घाण ओढत असणार.

तिने मोटर बंद केली. नळ कोरडा पडला, कारण तेवढ्यात शेजारी वच्छलाबाईंची मोटर सुरू झाली होती. ती त्यांच्या दारात गेली.

"काकू, मोटर बंद करा. नालीचं पाणी ओढून राह्यली ते. त्यानंच पोरगी आजारी पडून राह्यली."

"आमी उकळून पेतो. तू काऊन बंद केली? तुह्या वाट्याचंबी आमालेच भेटून राह्यलं."

"वाटा नाई काकू, नाली भेटून राह्यली."

वच्छलाबाईंनी आपल्या बादलीतल्या पाण्याचा वास घेतला. मग रंजीताच्या घरी येऊन प्लग खरेच काढलाय का ते पाहिले, आणि परत जाऊन स्वतःची मोटर बंद केली. तरी धार आली नाही. आता पलीकडच्या घरी बाबारावांची मोटर घरघरत होती.

"चाल, मीबी येतो," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्याले एकटीचं आयकू येत नाई."

रंजीताने मुलीला कडेवर घेतले. तिचे अंग अजून तापलेले होते.