लॅपटॉपचा उपास

पूर्णेला स्टेशनमागच्या मंगल कार्यालयात लॅपटॉपांची रांग लागली होती. लॅपटॉप पुढं, माणसं मागं, आणि प्रत्येक झाकणावर हळदकुंकू. ग्राफिक्स कार्डाच्या वेगावर कंपनीनं घातलेलं कुलूप वेगनाथ महाराज म्हणे नुसत्या फुंकरीनं तोडतात, म्हणजे कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवतात, ज्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. मग कंपनीचे इंजिनियर तिकडं काय माशा मारतात, कुणास ठाऊक.

"ओव्हरक्लॉक म्हणजे काळाच्या वर," महाराज सांगत होते. "आन् काळाच्या वर कोण? महाकाळ. कंपनीनं कार्डाचे हातपाय बांधलेत. आमी सोडवतो."

माझ्या बहिणीनं, राजेश्रीनं, हात जोडले. तिच्या मुलीला, उत्तराला, ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाची फिल्म उद्या द्यायची होती. ती पुरी व्हायला लॅपटॉप दिवसभर चालू राहणं भाग होतं. आईला तेवढा धीर कुठला? पोरगी आंघोळीला गेली तशी बाई लॅपटॉप पिशवीत घालून इथं हजर. आम्ही मामा-भाची धापा टाकत मागोमाग पोचलो.

समोर जीवन नावाच्या तरुणाची पाळी होती. नियमाप्रमाणं त्याच्या लॅपटॉपला सकाळपासून उपास, म्हणजे चार्जर लावायचा नाही. चेल्यानं मोटारीचा खेळ लावला. मोटार अडखळत चालली. मग मंत्र, फुंकर, पंख्याच्या जाळीत चिमूटभर अंगारा आणि शेवटी पारणं, म्हणजे चार्जर. मोटार सुसाट सुटली. लोक पाया पडले.

पुढचा नंबर राजेश्रीचा. तिच्या लॅपटॉपवरही मोटार रखडली. महाराजांनी चिमूट उचलली तोच उत्तरानं जाळीवर हात ठेवला.

"अंगारा नको, मंत्रही नको. नुसतं पारणं करा."

"तसं पावत न्हाई, बाई."

तिनं स्वतःच चार्जर लावला. मोटार पळाली. काढला, रखडली. परत लावला, पळाली.

"उपाशीपोटी कुणीबी रखडंल की," मागून रांगेतल्या धुरपताबाई म्हणाल्या. "यात महाराजाचं काय काम हाय?"

"काहीच नाही," उत्तरा म्हणाली. "बॅटरी पुरावी म्हणून लॅपटॉप आपणच हळू चालतो. कुलूप आहे तसंच आहे. एवढ्याशा डब्यात कार्ड फार तापू नये म्हणून कंपनी ते घालते. आणि उष्णता बाहेर पडायच्या वाटेतच हे राख कोंबायलेत."

तेवढ्यात जीवनचा लॅपटॉप तापून बंद पडला.

"त्याला समाधी लागली," महाराज म्हणाले.

राजेश्रीनं आपला लॅपटॉप पिशवीत भरला. "माझ्या लेकीचं वर्ष लय कष्टाचं हाय, महाराज. ते न्हाई घालायचं समाधीत." घरी चार्जर लावून फिल्म पुरी झाली आणि दुसऱ्या दिवशी वेळेत गेली.

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर त्यातला मंत्र तेवढा गाळा आणि बाकी सगळं तसंच करून बघा. काम झालं, तर मंत्राची गरज नव्हती. आणि एवढं तपासू द्यायलाही महाराज तयार नसेल, तर आपली वस्तू उचला आणि घरी चला.