रबरी टाकी, दाजी आणि पंखा

टाकीत पाणी कसं हिंदकळतं ते कॉम्प्युटरवर मोजणं हे माझं काम. कुणी विचारलंच तर मी नुसतं ‘कॉम्प्युटरमध्ये’ म्हणतो. त्यात मान असतो.

कंपनीने रबरी टाकीचा टँकर बनवला होता. चाचणीला तो चालवणार होते आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान. अर्धी टाकी भरलेली असताना वळण किती वेगाने घ्यायचं, तो आकडा मी द्यायचा होता. आकडा चुकला की टँकर आडवा, आणि दाजी टँकरमध्ये. मी राहतो त्यांच्याच घरी, त्यामुळे ताईला तोंड मीच द्यायचं होतं.

लोखंडी टाकीचं उत्तर सोपं होतं, ताशी चाळीस किलोमीटर. रबराचं तसं नसतं. पाण्याने भिंत फुगते, फुगली की पाणी तिकडे धावतं, धावलं की भिंत आणखी फुगते. माझ्या गणितात टाकी आधी टँकरपेक्षा मोठी झाली, मग रस्त्यापेक्षा, आणि शेवटी सगळं पाणी बंदुकीच्या गोळीसारखं कंपनीबाहेर गेलं.

“फाटकावर नोंद केली का पाण्याने?” साहेबांनी विचारलं. “उद्या सकाळी चाचणी आहे. जमत नसेल तर चाळीसच लिही. टाकी ती टाकी.”

घरी जेवायला बसलो, तर ताई-दाजींचं सुरू होतं.

“अहो, पंखा बघणार होतात ना?”

“अगं, आणली की पिशवी!”

“पिशवी सकाळची! माळ्यावरचा डबा काढलात का?”

“पंखा रविवारी बघतो म्हटलं ना!”

“डब्याला रविवार कशाला हवाय?”

माझा घास हातातच राहिला. माझं पाणी आणि माझी भिंत नेमकं हेच करत होती. पाण्याने ढकलायचं, भिंतीने मागच्या धक्क्याला उत्तर द्यायचं, तोवर पाणी तिसरीकडेच. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, फक्त आवाज चढत चाललेला.

ताईने डाव आपटला. “थांबा! आधी पंखा. त्याचं मिटल्याशिवाय डब्याचं नाव काढायचं नाही.”

मी हात धुतला आणि गणितात तेच लिहिलं. पाणी आणि भिंत यांचं आत्ताच्या क्षणाबद्दल एकमत होईपर्यंत पुढचा क्षण उजाडणार नाही. गणित चालू ठेवलं आणि झोपलो. सकाळी टाकी शहाण्यासारखी डुलत होती. उत्तर आलं, बावीस. त्याच्यावर वेग गेला की चाकं उचलली जाणार.

“बावीस?” चाचणीच्या मैदानावर दाजी म्हणाले. “मेव्हणे, त्यापेक्षा मी ढकलत नेतो. चाळीसने मारतो की नाही बघा.”

मी सरळ ताईला फोन लावला. ती आली आणि कुणाला काही न विचारता टँकरच्या केबिनमध्ये चढून बसली.

टँकर निघाला आणि वळणाच्या अलीकडे थांबला. काचेमागे चार हात हलत होते.

“बिघाड झाला का?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. एकमत व्हायचंय.”

बऱ्याच वेळाने टँकर हलला. वळणावर टाकीचं पोट बाहेरच्या बाजूला सुटलं, आतली चाकं चार बोटं उचलली गेली, तशीच राहिली, आणि मग धप्पकन खाली आली. साहेबांनी डोळे मिटले होते. ते त्यांनी चाचणी संपल्यावर उघडले.

दाजी उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक.

“किती होता वेग?” मी विचारलं.

“पंचवीस. ही बावीस म्हणत होती, मी चाळीस. पंचविसावर मिटलं.” त्यांनी टाकीकडे पाहिलं. ती अजून डुलत होती. “मेव्हणे, पंखा आजच बघतो.”

“आणि डबा?” केबिनमधून ताई म्हणाली.