दोन बोटं जागा

मी एक जुनी मोकळी जागा आहे. हसू नका, मित्रांनो. परिच्छेदाच्या पहिल्या ओळीआधी दोन बोटं जागा सोडतात ना, ती मी. मला रंग नाही, वजन नाही, आणि आजवर माझ्यावर कुणी एक अक्षरही लिहिलेलं नाही, कारण लिहिलं की मी संपलेच. तरी मी तुमच्यापुढे रडगाणं गायला आलेली नाही. माझं म्हणणं ऐका, मग काय ते ठरवा.

माझा जन्म सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत झाला. शेवंताबाई नावाच्या बाई श्यामकांत नावाच्या पोराच्या वहीवर समासाला लागून आपली दोन बोटं टेकवत आणि इथून पुढे लिही म्हणत. श्यामकांतनं एकदा विचारलं, कागद फुकट का घालवायचा? बाई म्हणाल्या, नवं काही सांगण्याआधी माणूस श्वास घेतो, तो कागदावर दिसायला हवा. तेव्हापासून श्यामकांतनं मला कधी सोडलं नाही.

पुढे तो दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात टंकलेखक म्हणून लागला. टाइपरायटरची लांब पट्टी पाच वेळा दाबली की मी हजर. श्यामकांतचा कागद दुरूनच ओळखू येतो, असं साहेब म्हणायचे, तेव्हा त्यात निम्मा मान माझा असे. संदर्भसूचीत तर माझा थाट वेगळाच. तिथे मी उलटी वागते. माणसाचं नाव थेट कडेला उभं राहतं आणि त्याच्या पुढच्या ओळींना मी आत ढकलते. कडेवरून बोट खाली फिरवलं की नुसती नावंच हाताला लागतात. पुस्तक कुणाचं, शब्द कुणाचा, ते लपत नाही.

मग संगणक आले आणि माझे दिवस फिरले. लोक परिच्छेदांमध्ये एक अख्खी ओळ कोरी सोडू लागले आणि मला विसरले. फोनवर तर श्वासच कुणी घेईना. श्यामकांतची मुलगी मैत्रेयी शाळेत होती तेव्हा मला बघून म्हणायची, "बाबा, ये क्या पुराना स्टाइल आहे!" दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात मला विचारणारा एकटा श्यामकांतच उरला. मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगलाच आला.

पण याच मैत्रेयीला मोठेपणी माझी गरज पडली. दिल्लीत राहून तिनं मराठीत प्रबंध लिहिला. विषय होता फौजी कुटुंबांचा संसार, जो दर दोन-तीन वर्षांनी पेटीत भरून नव्या गावी मांडावा लागतो. त्यातलं निम्मं तिला छावणीत राहणाऱ्या तानूबाई तावरे यांनी सांगितलं. आधी नवरा फौजेत, मग लेक कृष्णात फौजेत, असे सतरा संसार या बाईनं मांडले आणि मोडले होते. मैत्रेयी अकरा दुपारी त्यांच्यापुढे वही घेऊन बसली. आजवर प्रत्येक सरकारी कागदावर त्या कुणाची तरी बायको नाही तर कुणाची तरी आई होत्या. म्हणून शेवटच्या दिवशी त्यांनी एकच मागणं मागितलं.

"कृष्णातची आई म्हणून नगं लिहू, पोरी. माझं नाव लिही."

मैत्रेयीनं शब्द दिला. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या रांगेत, कडेला, तुमचं नाव येईल, आजी.

सूची करायला श्यामकांत हौसेनं बसला आणि तिथेच घोळ झाला. जुनी सवय. नावाखालच्या प्रत्येक ओळीआधी त्यानं संगणकाची लांब पट्टी पाच-पाच वेळा दाबली आणि ओळ तुटावी तिथे एंटर मारला. घरच्या पडद्यावर मी अगदी झोकात दिसत होते.

प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस उजाडला. मुदत पाचची. बापलेक दुपारी करोल बागेतल्या एका छपाई-बांधणीच्या दुकानात गेले. तिथल्या संगणकात घरचा मराठी फॉन्ट नव्हता. अक्षरं रुंदावली, ओळी नको तिथे तुटल्या आणि माझे तुकडे पानभर विखुरले. नावं आत गेली, गावं बाहेर आली. कृष्णातनंही मैत्रेयीला थोडं सांगितलं होतं, म्हणून आडनावानं लावलेल्या सूचीत त्याची नोंद तानूबाईंच्या अगदी वर होती. तिच्या शेवटच्या ओळीत तानूबाईंचं नाव जाऊन अडकलं. लेक आईच्या पोटी जन्मतो, मित्रांनो, इथे आईच लेकाच्या पोटात गेली होती.

दुकानाचा मालक चिराग भला माणूस. मैत्रेयी त्याच ओळीवर बोट ठेवून अडून बसलेली त्यानं पाहिली, मग घड्याळ पाहिलं. "मॅडम, ये एक नाम हटा दो. बाकी लिस्ट कोई नहीं देखता."

श्यामकांतचा चेहरा उतरला होता. चूक आपली हे त्याला कळत होतं, म्हणूनच तो घाबरला. राहू दे, म्हणाला, आजींना कुठे कळणार आहे.

"बाबा, त्यांनी मला अकरा दुपारी दिल्या," मैत्रेयी म्हणाली. "मी त्यांना एक ओळ देऊ शकत नाही?"

ती खुर्ची ओढून बसली. ऐंशी नोंदी होत्या. बाप एकेक नोंद वाचत गेला आणि ती माझे खोटे तुकडे एकेक करून खोडत गेली. हो, खोटेच. पट्टी बडवून जोडलेली मी टिकत नाही, हे मीच सांगते. सगळं साफ झाल्यावर तिनं अख्खी सूची निवडली आणि पानाच्या वरच्या मोजपट्टीवरची छोटी खूण अर्धा इंच आत ओढली. ऐंशीच्या ऐंशी नावं कडेला येऊन उभी राहिली. आता कुठलाही फॉन्ट आणा, मी हलणार नव्हते. प्रबंध पाचला दहा कमी असताना जमा झाला.

पुढच्या रविवारी मैत्रेयी एक प्रत घेऊन छावणीत गेली. तानूबाईंना सहीपुरती आणि लेकाच्या नावापुरतीच अक्षरं येत होती. त्यांनी चष्मा लावला आणि सूचीच्या कडेवरून बोट हळूहळू खाली आणलं. बोट थांबलं. "हा कृष्णात," त्या म्हणाल्या. बोट आणखी खाली सरकलं आणि पुन्हा थांबलं. या वेळी ते उचललं गेलं नाही. वाचून दाखवू का, असं मैत्रेयीनं विचारलं.

"नगं," तानूबाई म्हणाल्या. "सापडले की मी."

त्यांच्या बोटाखाली नाव होतं आणि नावाखाली मी होते, कोरी आणि ताठ. म्हणून सांगते, मित्रांनो, मला वाया गेलेला कागद म्हणू नका. कुणाचं नाव लिहाल तेव्हा बाकीच्या ओळींना दोन बोटं आत सरकायला लावा. त्या सरकल्या नाहीत, तर मी आहेच भांडायला.