नागपूरच्या बहिणीचा ब्लाउज

मी एक ब्लाउज बोलतोय. जांभळा, कोपरापर्यंत बाह्या, छाती बेचाळीस. मला इंदूकाकूंनी शिवलं, त्यामुळे कोणाच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय मलाही चैन पडत नाही. त्याला माझा इलाज नाही.

माझं मूळ रायपूरच्या सदर बाजारातल्या मॅचिंगच्या दुकानात. एका रविवारी रेल्वे ऑफिसातले गौतमभाऊ जांभळी साडी घेऊन आले. ट्यूबलाइटखाली जांभळा रंग फसवतो, म्हणून दुकानदारानं साडी अन्‌ तागा दोन्ही बाहेर उन्हात नेले. तिसराच तागा, म्हणजे मी, जुळलो होतो. तरी भाऊंनी अकरा पाहिले. बायकोची वाट पाहत बसलेले नवरे तिथं जांभया देत होते, अन्‌ हा माणूस जत्रेत आल्यासारखा खूश. कोणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाले, बहिणीसाठी, नागपूरला असते.

गौतमभाऊंना बहीण नाही. एकटेच राहतात. साडी स्वतःसाठीच होती.

इंदूकाकू त्यांच्या शेजारी. घरीच ब्लाउज शिवतात. त्यांनी आधी मापाचा ब्लाउज मागितला. तो भाऊ कुठून आणणार?

"मंग काय हवेवर शिवू? कशी आहे बहीण अंगानं?"

"माझ्यासारखीच," भाऊ हळूच म्हणाले.

"तं उभे राहा."

काकूंनी ओसरीत त्यांचंच माप घेतलं. तेवढ्यात समोरच्या कांताबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि साखर विसरून तिथंच थांबल्या. एवढ्या उंच पोरीला साडी पुरते की नाही, हे पाहायलाच पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. मग काय, भर दुपारी दोघींनी मिळून भाऊंना साडी नेसवली. निऱ्या घातल्या, पिन लावली. कांताबाईंचे मालक शामराव स्कूटरवरून उतरले, त्यांनी नीट पाहिलं आणि पदर अजून वीतभर सोडा म्हणून सांगून घरात गेले.

हाच पारा, म्हणजे आमची गल्ली, एखाद्या पोट्ट्यानं कानात बाळी घातली तर आठ दिवस चघळतो. पण इथं बहिणीचं नाव होतं ना, त्यामुळे सगळं सोज्वळ. उलट आठवडाभर कांताबाई शामरावांना सुनावत होत्या, की बघा, बहिणीसाठी माणूस किती करतो.

मी शिवून झालो, भाऊंच्या कपाटात आलो. पण काकूंच्या चौकशा काही थांबेनात. बहिणीला नाव द्यावं लागलं, शर्मिष्ठा. मग बँकेत नोकरी. मग लग्न व्हायचंय. हे शेवटचं बोलायला नको होतं. लग्नाची पोरगी काकूंच्या हाती लागली म्हणजे संपलंच. शहराबाहेर उरला गावातल्या कारखान्यातला एक बिजवर त्यांनी शोधला, आणि येत्या रविवारी पोरगी दाखवतो म्हणून त्याच्या घरच्यांना शब्दही देऊन टाकला.

गुरुवारी भाऊंना सुट्टी होती. दुपारी त्यांनी मला घातलं, साडी नेसली, कपाटाच्या आरशात मागून-पुढून पाहत होते. दार नुसतं लोटलेलं. दार वाजवायची काकूंना सवय नाही. मुलाचा फोटो हातात घेऊन त्या सरळ आत आल्या.

भाऊ जागच्या जागी थिजले. त्यांचं काळीज कसं उडत होतं, ते माझ्याइतकं कोणाला कळणार? आता ही खोली गेली, हा पारा गेला, कदाचित रायपूरही, असंच त्यांना वाटलं असणार.

काकू पलंगावर बसल्या.

"म्हणजे शर्मिष्ठा नाईच?"

"नाही."

"साडीचं मरू द्या भाऊ. मी पोराकडच्यायले शब्द देऊन बसली. त्यायले आता काय सांगू?"

आणि त्या खरंच रडल्या. तीन आठवड्यांत त्यांना त्या पोरीचा लळा लागला होता. मग डोळे पुसून त्यांनी माझी बाही चिमटीत धरली. दंडावर काचून राहिली म्हणाल्या, उसवून देते.

पोराकडच्यांना त्यांनी पोरगी नाही म्हणते असं कळवलं. शर्मिष्ठा फार शेफारलेली आहे, असं पाऱ्यानं ठरवून टाकलं. ते ऐकून भाऊंना वाईट वाटलं. बहीण नसली तरी वाईट वाटलंच. खरी गोष्ट मात्र काकूंच्या पोटात महिना झाला तरी टिकून आहे. काकूंना ओळखणाऱ्याला हे खोटं वाटेल.

आज ते दोघं मला पिशवीत घालून सदर बाजारात आलेत. एकाच साडीवर ब्लाउज वाया जातो, असं काकूंचं म्हणणं. साड्यांच्या दुकानात मारोतीभैया सकाळपासून स्वतःच्या शर्टावर साड्या लावून दाखवतोय. मिशीवाला माणूस, खांद्यावर गुलाबी पदर, अन्‌ समोरच्या बायकांना त्यात काही वावगं दिसत नाही. धंदा आहे.

"किसके लिए देखना है?" त्यानं विचारलं.

"इनकी बहन," काकू घाईनं म्हणाल्या. "नागपूर में..."

"मेरे लिए," गौतमभाऊ म्हणाले.

दुकानातल्या तीन बायकांनी माना वळवल्या. काकूंनी माझी पिशवी छातीशी घट्ट धरली. मारोतीभैयानं भाऊंकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्यावरच्या पदराकडे.

"तो फिर आप ही खड़े हो जाइए, भैया. मैं सुबे से थक गया हूँ."

त्यानं पदर काढून भाऊंच्या खांद्यावर टाकला.

मी आता गादीवर पसरून पडलोय, रंग जुळतो का ते पाहणं सुरू आहे. माझी विनंती एवढीच. त्या तीन बायकांत तुम्ही असाल, तर आरशासमोरून जरा बाजूला सरका. माणसाला निऱ्या दिसत नाहीयेत.